उत्तरसूचीतले सात

आमच्या छापखान्यात सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. पण म्हणताना आवाज असा खाली आणत, जणू शेजारच्या खोलीत कुणी आजारी आहे. सरांनी चाळीस वर्षं गणित शिकवलं होतं आणि आमच्याकडे त्यांच्या अकरा स्वाध्यायपुस्तिका छापून झाल्या होत्या. प्रत्येकीच्या मुखपृष्ठावर सरांचा एकच फोटो. फोटोत केस काळेभोर. सरांनी एकदा दिलेलं काहीही पुढे बदलायचं नाही, अशी मालकांना सक्त ताकीद होती, त्यात तो फोटोही आला.

मी तिथे एकोणीस वर्षं मुद्रितं तपासते. म्हणजे छापायच्या आधी कागदावर जे येतं ते लाल पेनाने वाचायचं, कुठे काना पडलाय, कुठे वेलांटी उलटी झालीय, ते धरायचं. या कामाने माणूस कुजका होतो. मीही झाले. लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा मला आधी ऱ्हस्व-दीर्घ दिसतं, मग नवरा-नवरी.

बारावी पुस्तिका अपूर्णांकांची होती, पाचवीसाठी. चौथा पाठ सममूल्य अपूर्णांकांचा. पाठाच्या डोक्यावर जाड चौकटीत सरांचा सुवर्णनियम: ‘छेदाचे जे कराल, तेच अंशाचे करा.’ खाली वीस उदाहरणं. एक छेद दोन बरोबर रिकामी चौकट छेद आठ. तीन छेद चार बरोबर बारा छेद रिकामी चौकट. मुलांनी चौकटीतला हरवलेला आकडा शोधायचा आणि मागच्या उत्तरसूचीशी ताडून पाहायचा. मला गणित तपासायला कुणी सांगितलेलं नसतं, पण डोळ्यांना खोड असते. तेरा उदाहरणं बरोबर निघाली. चौदावं होतं: चार छेद सहा बरोबर किती छेद नऊ? उत्तरसूची म्हणत होती, सात.

मला वाटलं, टाइप करणाऱ्या ऑपरेटरचं बोट घसरलं. सातावर काट मारून समासात सहा लिहिलं आणि पुढे गेले.

दुसरं मुद्रित आलं त्यात पुन्हा सात. माझ्या सहावर सरांनी हिरव्या शाईची फुली मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं: ‘मुद्रितशोधकाने शुद्धलेखन पहावे. गणित पहायला आम्ही आहोत.’ 

‘पहावे’ आणि ‘पहायला’, दोन्हींत पहिल्या अक्षराला काना नाही. ते मी इमाने इतबारे दुरुस्त केलं.

मग त्यांच्या सातचा माग काढत बसले. तो सापडायला फार वेळ लागला नाही. बाकीच्या उदाहरणांत छेदाला किंवा अंशाला कशाने तरी सरळ गुणता येत होतं. दोनाचे आठ करायचे तर चाराने गुणा, वरच्या एकालाही चाराने गुणा. पण सहाला कुठल्याही पूर्ण आकड्याने गुणलं तरी नऊ येत नाहीत. तिथे सरांनी काय केलं? सहात तीन मिळवले, नऊ झाले. वरच्या चारातही तीन मिळवले, सात झाले. सुवर्णनियम पाळला गेला. छेदाचं जे केलं, तेच अंशाचं. चाळीस वर्षं शिकवून माणूस इथवर आला होता आणि वर हिरवी शाई वापरत होता!

मी मालकांच्या केबिनमध्ये गेले.

“सर चुकलेत,” मी म्हटलं.

मालकांनी दाराकडे पाहिलं. “हळू, बाई.”

“हे बघा. वर-खाली सारखंच मिळवलं तर अपूर्णांक तोच राहतो, असं सरांचं म्हणणं. मग एक छेद दोनमध्ये वर-खाली एक मिळवा. दोन छेद तीन. पुन्हा एक मिळवा. तीन छेद चार. असं करत करत नव्याण्णव छेद शंभरवर जाता येतं. म्हणजे अर्धा ग्लास पाणी समोर ठेवा, पाठ चार वाचत बसा, ग्लास आपोआप भरतो.”

मालक हसले नाहीत. मालकांना गणित कळत नव्हतं असं नाही. त्यांना ते कळून घ्यायचं नव्हतं. “बुधवारी मंडळाची बैठक आहे,” ते म्हणाले. “तिथे मांडा. पण जरा सांभाळून.”

मंडळ म्हणजे तिघं. सर स्वतः, एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि एक माजी शिक्षण तपासनीस. पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर ‘तज्ज्ञ मंडळ’ म्हणून या तिघांची नावं छापायची, एवढंच त्या मंडळाचं काम. सगळेच अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले.

बुधवारी सकाळी मी तळमजल्यावर कटिंगकाकांकडे गेले. ते कागद कापायच्या मशीनवर बसतात आणि बोलतात कमी. मी म्हटलं, काका, अठरा सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या द्या. एकीवर सहा सारखे भाग आखा, दुसरीवर नऊ. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. पहिलीवर तीन-तीन सेंटिमीटरवर रेघा मारल्या, दुसरीवर दोन-दोन. मी पहिलीचे चार भाग लाल रंगवले. बारा सेंटिमीटर झाले. दुसरीचे सहा रंगवले. बारा सेंटिमीटर. काकांनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या, रंग एकाच जागी संपत होता. “बरोबर आहे की,” ते म्हणाले आणि पुन्हा मशीनकडे वळले. मंडळात हा माणूस हवा होता.

बैठकीत तिघांना गादीच्या खुर्च्या होत्या, मला स्टूल. मी पट्ट्या टेबलावर ठेवल्या आणि दुसरीचा सातवा भाग त्यांच्यादेखत रंगवला. रंग दोन सेंटिमीटर पुढे गेला. 

सरांनी पट्टी चिमटीत उचलली, उजेडाकडे धरली. “कागद ताणला जातो,” ते म्हणाले.

“दोन सेंटिमीटर ताणला जातो?”

“दमट हवेत ताणला जातो. हे पाहा बाई, कागदाच्या पट्ट्यांवरून गणित ठरत नसतं.”

“मग आकड्यांवरून ठरवू. चार छेद सहाला आधी दोनाने भागा. दोन छेद तीन. आता वर-खाली तिनाने गुणा. सहा छेद नऊ.”

सर हसले. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडे पाहून हसतात, तसं. “भागून संक्षिप्त रूप देणं सहाव्या पाठात आहे. हा चौथा पाठ. चौथ्या पाठातल्या मुलाला भागायचं कसं ते माहीतच नाही.”

“म्हणून चौथ्या पाठात उत्तर सात?”

“चौथ्या पाठापुरतं, सात.”

“आणि सहाव्या पाठात?”

“सहाव्या पाठात हे उदाहरण नाही,” सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

मुख्याध्यापिका इतका वेळ पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवून पाहत होत्या. “मला आपलं सहाच वाटतंय,” त्या पुटपुटल्या, “पण मी भाषेची. माझं धरू नका.” तपासनीसांनी घसा साफ केला. त्यांच्या आयुष्यात त्यांनी एवढंच केलं असावं, घसा साफ करणं आणि सुवर्णमध्य काढणं. “वाद कशाला? एक बाजू सहा म्हणते, एक सात म्हणते. साडेसहा करून टाका.”

“अपूर्णांकात अपूर्णांक सातवीला येतो,” सरांनी त्यांनाही झटकलं. 

मग मतं घेतली. हो, चार छेद सहा म्हणजे किती छेद नऊ, हे हात वर करून ठरवलं! सातच्या बाजूने सर आणि तपासनीस. मुख्याध्यापिका तटस्थ. मला मत नव्हतं. मालकांनी कामकाजाच्या वहीत ‘सात हे उत्तर बहुमताने कायम’ असं लिहिलं आणि सगळ्यांना चहा दिला.

शेवटचं मुद्रित माझ्या टेबलावर आलं त्या दुपारी ऑपरेटर माझ्याजवळ येऊन वाकली. पंचविशीची मुलगी, एकदम तरतरीत. “ताई, एक कळ दाबली की सहा. करू का? सर छापील पुस्तक उघडून बघतात थोडेच! फोटो बघतात फक्त.”

तिचं खरं होतं. एक कळ. पण मी म्हटलं, “नको. जाऊ दे सात.”

“मुलं चुकीचं शिकतील ना.”

“शिकू देत. चार शाळांतून बोंब उठली की मग कळेल, कोण गणित पाहतंय आणि कोण शुद्धलेखन.”

माझ्या मनातलं खरं सांगायचं तर मला तो सात छापून यायलाच हवा होता. मी गुपचूप दुरुस्त केलं असतं तर सर जन्मभर बरोबर राहिले असते. मला त्यांना उताणं पडलेलं पाहायचं होतं. मी मुद्रितावर लिहिलं, ‘मूळ प्रतीप्रमाणे’, खाली सही केली आणि हिरव्या शाईचं ते दुसरं मुद्रित घडी घालून खणात कुलूपबंद ठेवलं. वेळ आली की काढायला.

नऊ हजार प्रती शाळांत गेल्या.

मी बोंबेची वाट पाहत बसले. एक आठवडा गेला, दोन गेले, महिना गेला. एक पत्र नाही, फोन नाही. इतक्या शाळा, इतके शिक्षक, आणि एकालाही सहा आणि सातातला फरक कळू नये! मी मनातल्या मनात सगळ्यांची हजेरी घेतली. सर तर होतेच; आता मास्तर आले, मास्तरणी आल्या, पालक आले. सगळे एकाच माळेचे मणी. तसं म्हणायला बरं वाटत होतं.

माझी धाकटी बहीण आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. तिची मुलगी पाचवीत आहे. संध्याकाळी आईला उशीर असला की ती अभ्यासाला माझ्याकडे येते. एका संध्याकाळी ती गणिताची वही घेऊन बसली होती, मी भाजी निवडत होते. सहज तिच्या वहीत डोकावले. लिहिलं होतं: दोन छेद तीन बरोबर अकरा छेद बारा.

“हे काय गं?”

“तिनात नऊ मिळवले, बारा. दोनात नऊ मिळवले, अकरा.” तिने मान वर न करता सांगितलं. त्याखाली होतं: तीन छेद चार बरोबर बारा छेद तेरा. त्याखाली आणखी नऊ, वर्गात फळ्यावर घातलेली. सगळी मिळवून केलेली, सुवाच्य अक्षरात, खाली पट्टीने रेघ मारलेली.

“असं कुणी शिकवलं?”

तिने वहीची पानं मागे उलटली. तिथे चौदावं उदाहरण होतं. तिने आधी सहा लिहिलं होतं. त्यावर लाल काट होती, शेजारी लाल सात. “मी म्हटलं होतं बाईंना. सहातले चार म्हणजे तिनातले दोन ना? आणि नऊमध्ये तिनाचे तीन गट असतात, म्हणून प्रत्येकातले दोन-दोन. सहा. पण बाईंनी मागचं उत्तर दाखवलं. सात. मग मी विचार केला, सात कसे आले. मिळवलं की येतात. म्हणून आता मी सगळीकडे मिळवते.”

पोरीला जे आपल्या अकलेने आलं होतं, ते तिने आज्ञाधारकपणे मोडून टाकलं होतं आणि जागी सरांचं आणून बसवलं होतं. मी निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र करून टाकली.

“मावशी, हे तुझ्या प्रेसचं पुस्तक आहे ना?”

“हो.”

“मग तू वाचलं होतंस?”

“वाचलं होतं.”

“तुला कळलं नाही?”

“कळलं होतं. सांगितलंही होतं. कुणी ऐकलं नाही.”

“मग खोडायचं ना,” ती म्हणाली. “तुझ्याकडे खोडरबर नव्हतं?”

एक कळ होती, असं दहा वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? 

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी तिच्या शाळेत गेले. मनात वाक्यं घासूनपुसून ठेवली होती. एकेक असं, की वर्गबाईंनी पुन्हा खडू हातात धरू नये. बाई माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान निघाल्या. शिक्षकांच्या खोलीत उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे बसल्या होत्या. मी पुस्तिका उघडून चौदाव्यावर बोट ठेवलं आणि त्या एकदम लाल झाल्या.

“मलाही सहाच येत होतं,” त्या म्हणाल्या. “दोनदा केलं. घरी यांनाही करायला लावलं. पण उत्तरसूचीत सात, वर तज्ज्ञ मंडळ, एवढी मोठी नावं. म्हटलं, आपलंच काहीतरी राहतंय. कुणाला विचारलं तर हसतील.”

“बाकीच्यांना कुणालाच खटकलं नाही?”

“विचारलंच नाही कुणाला.”

त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं. त्याही लाल झाल्या. मग दाराजवळच्या गृहस्थांना. ते म्हणाले, मी ते उदाहरण गाळूनच पुढे गेलो. एका खोलीत तिघांना सहा येत होतं आणि तिघंही गप्प होते. माझी घासूनपुसून ठेवलेली वाक्यं तोंडातच राहिली. यांना शेळपट म्हणायचं, तर कळूनही ‘मूळ प्रतीप्रमाणे’ सही ठोकणारीला काय म्हणायचं होतं?

“दोन ओळी लिहून द्याल?” मी विचारलं. “छापखान्याच्या पत्त्यावर.”

“आमच्या नावाने?”

“तुमच्याच नावाने.”

त्यांनी थोडा वेळ पेन बोटांत फिरवलं, मग लिहिलं. बाकी दोघांनी सही केली. एका शाळेने लिहिलं म्हटल्यावर वर्गबाईंच्या ओळखीच्या आणखी चार शाळांनी लिहिलं. आठवड्याभरात मालकांच्या टेबलावर पाच पत्रं होती, आणि मालकांचा आवाज पहिल्यांदाच सरांचं नाव घेताना नेहमीच्या पट्टीत आला.

सरांना बोलावून घेतलं. मी खणातलं हिरव्या शाईचं मुद्रित काढून पर्समध्ये ठेवलं होतं. हीच ती वेळ.

सरांनी पाचही पत्रं वाचली. पाचव्यानंतर चष्मा काढून पुसला. “शुद्धिपत्र काढावं लागेल,” ते म्हणाले आणि तिथल्या तिथे मजकूर लिहून मालकांच्या हाती दिला. मालकांनी मोठ्याने वाचला: “पाठ चार, उदाहरण चौदा. मुद्रणदोषामुळे उत्तर सात असे छापले गेले आहे. ते सहा असे वाचावे.”

“मुद्रणदोष?” मी म्हटलं.

“छापलं तुम्ही ना?” सर म्हणाले. “दोष छापण्यातलाच.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फासाचा दोर वळायलाही संन्यासीच. मी पर्सवर हात ठेवला. मालक माझ्याकडे पाहत होते. त्यांना कामकाजाची वही आठवत असणार. ते उठून मला बाहेर व्हरांड्यात घेऊन आले.

“बाई, सरांच्या संमतीशिवाय मला एक अक्षर बदलता येत नाही. करारच तसा आहे. हा मजकूर त्यांना मान्य आहे. म्हणजे आज छापून उद्या सगळ्या शाळांत पोचेल. वाद घातलात तर ते उठून जातील, मग मंडळ, मग बैठक, मग पुढचा महिना. मुलांची परीक्षा सोमवारी आहे. मुद्रितशोधक म्हणून सही तुमची लागेल.”

“कशावर?”

“दोष आपला होता, यावर.”

पर्समध्ये हिरवी शाई होती. बाहेर काढली असती तर सर त्या खुर्चीत बसूनच उताणे पडले असते. महिनाभर मी रोज तो क्षण मनात रंगवला होता, त्यांचं तोंड कसं होईल, मुख्याध्यापिका काय म्हणतील. पण खरं ठरायच्या हौसेपायी मी एकदा नऊ हजार प्रती जाऊ दिल्या होत्या. पुन्हा तेच करायचं म्हणजे मी आणि सर, दोघांत फरक तो काय राहिला? त्यांनी निदान न कळून केलं होतं.

मी आत गेले आणि सही केली. 

सरांनी माझ्या सहीकडे पाहिलं, पेनाला टोपण लावलं आणि अगदी मायेने म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका, बाई. चूक माणसाकडूनच होते.”

“हो ना,” मी म्हटलं. “माणसाकडूनच.”

त्यांना ते कळलं नाही. त्यांनी चहा मागवला.

ऑपरेटरने मजकूर टाइप केला, कटिंगकाकांनी चिठ्ठ्या कापल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या वाटेला लागल्या. मुख्याध्यापिकांचा मला घरी फोन आला. “मी हात वर करायला हवा होता,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो, करायला हवा होता. फोन ठेवला.

भाचीचं मात्र चिठ्ठीने भागलं नाही. चिठ्ठी चौदावं उदाहरण सुधारत होती. तिने त्यानंतर स्वतःच्या डोक्याने केलेली अकरा कोण सुधारणार? आणि पोरगी हट्टी. “नियमात लिहिलंय, जे कराल तेच करा. मी तेच करतेय,” असं म्हणून ती माझ्याशी दोन संध्याकाळी भांडली. नियमातली खोट तिला कळत होती, पण एकदा स्वतःचं बरोबर उत्तर खोडून फसली होती, आता पुन्हा खोडायला तयार नव्हती. मी अर्धी भाकरी, पाऊण भाकरी सगळं करून पाहिलं. शेवटी तीच म्हणाली, अर्ध्यात मिळवत गेलं तर पूर्ण होत जातं, हे काही खरं नाही. मग एकेक उदाहरण पुन्हा केलं. दोन छेद तीन, आठ छेद बारा. तीन छेद चार, बारा छेद सोळा. तिसऱ्या संध्याकाळी मी मुद्दाम वाकडं घातलं: दहा छेद पंधरा बरोबर किती छेद बारा?

ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग दहा-पंधराखाली दोन छेद तीन लिहिलं आणि चौकटीत आठ. 

“मागे उत्तर आहे का याचं?” तिने विचारलं.

“नाही. हे मी घातलंय.”

“मग बरोबर आहे हे,” ती म्हणाली, वही मिटली आणि खाली खेळायला गेली.